खोलीची चावी कुणाकडे? बाळंतपणाच्या रजेवरून परतणाऱ्या सहकारिणीसाठी ऑफिसची तयारी

तुमच्या ऑफिसातली एक जण बाळंतपणाची रजा संपवून पुढच्या महिन्यात रुजू होणार आहे, आणि ‘काहीतरी सोय करायला हवी’ एवढंच तुम्हाला माहीत आहे. एचआरमध्ये नवीन असाल, किंवा बारा-पंधरा माणसांची फर्म चालवत असाल आणि एचआर म्हणजे तुम्हीच असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

आधी माझं सांगते. मुलगी पाच महिन्यांची असताना मी कामावर परतले. बाळासाठी दूध काढून ठेवायला ऑफिसनं खोली दिली नव्हती असं नाही. जुन्या फायलींची खोली, एक खुर्ची, एक ट्यूबलाइट. चावी मात्र ॲडमिनच्या साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. दिवसातून तीन वेळा त्यांच्या टेबलासमोर उभं राहून ‘सर, चावी’ म्हणायचं. ते बिचारे मान वर न करता चावी पुढे करायचे, त्यांनाही अवघडल्यासारखं व्हायचं. ते जेवायला बाहेर गेले की मी पॅसेजमध्ये ताटकळत उभी. हळूहळू तीनाचं दोनदा झालं, दोनदाचं एकदा, आणि दूध आटत गेलं. माझ्याशी कुणी वाईट वागलं नव्हतं. फक्त रोज मागावं लागत होतं. म्हणून पुढचं सगळं वाचताना एक प्रश्न जवळ ठेवा: यासाठी तिला रोज कुणाकडे काही मागावं लागणार आहे का?

पहिलं काम: शरीराचं गणित समजून घ्या

हे समजलं नाही तर ब्रेक म्हणजे सवलत वाटते, आणि मग ‘आज मीटिंग आहे, आजचा एक राहू दे’ असं सहज बोललं जातं.

आईचं दूध बाळ जसं ओढेल तसं तयार होतं. स्तन रिकामे होत राहिले की शरीर पुढचं दूध बनवतं; भरलेलेच राहिले की बनवणं कमी करतं. त्यामुळे आज हुकलेल्या वेळेची भरपाई संध्याकाळी जास्त काढून होत नाही, उलट रोजच हुकत गेली तर दूध कमी होतं. शिवाय साठलेलं दूध दुखतं. छाती दगडासारखी होते, ब्लाउज भिजतो, गाठ धरते. कधी तो भाग लाल होऊन ताप भरतो आणि डॉक्टरकडे जावं लागतं. हे सगळं एका लांबलेल्या मीटिंगमुळे होऊ शकतं.

दुसरी गोष्ट पान्ह्याची. दूध तयार असणं वेगळं आणि पान्हा फुटणं वेगळं. पान्हा ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकामुळे फुटतो, आणि भीती, घाई, लाज यांनी तो अडतो. गाय पान्हा चोरते हे गोठा असलेल्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. नवखा माणूस धार काढायला बसला की ती आटोपतं घेते. दारावर कुणी थाप मारेल या धास्तीत बसलेल्या बाईचंही असंच होतं: वीस मिनिटं पंप लावून हातात चमचाभर दूध. म्हणून दाराची कडी ही इथली सगळ्यात महत्त्वाची वस्तू. तिच्याबद्दल पुढे बोलूच.

दुसरं काम: कायदा काय म्हणतो ते एकदा बघून घ्या

मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीनं पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, पहिल्या दोन मुलांसाठी. हयात मुलं आधीच दोन किंवा अधिक असतील तर रजा १२ आठवडेच. हीच चौकट पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आली आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

आता हिशेब करा. २६ पैकी जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. तेवढे घेतले असतील तर ती परत येते तेव्हा बाळ साधारण चार महिन्यांचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, आणि पुढे वरच्या आहारासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ पाजावं अशी आहे. म्हणजे ती टेबलाशी येऊन बसते तेव्हा घरचं बाळ अजून वरणाच्या पाण्यापर्यंतही पोचलेलं नसतं. १२ आठवडेवालीचं बाळ तर दीड-दोन महिन्यांचंही असू शकतं. अशी बाई बहुधा तुमच्या हाउसकीपिंगमध्ये किंवा पॅकिंगच्या टेबलावर असते, आणि ती काही मागायला येत नाही.

बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन ब्रेक, नेहमीच्या सुट्टीखेरीज, हा तिचा हक्क आहे. ‘खेरीज’ हा शब्द लक्षात ठेवा. जेवणाच्या सुट्टीतच उरक, असं म्हणता येत नाही. ब्रेक किती मिनिटांचे हे मूळ कलमात नाही, नियमांवर सोडलेलं आहे. या ब्रेकपोटी पगार कापता येत नाही.

पाळणाघराच्या बाबतीत सर्रास एक चूक होते. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय बंधनकारक आहे, आणि हे ५० म्हणजे एकूण कर्मचारी. ‘आमच्याकडे बायका सातच आहेत’ हे उत्तर चालत नाही. जुन्या कारखाना कायद्यात बायकांची संख्या मोजायचे, ३० पेक्षा जास्त असतील तर पाळणाघर, म्हणून जुन्या लोकांच्या डोक्यात अजून तेच बसलंय. पाळणाघरात आईला दिवसातून चार वेळा जाता येतं, त्यात तिची विश्रांतीची वेळही धरलेली आहे. स्वतंत्र पाळणाघर झेपत नसेल तर दुसऱ्यांबरोबर सामायिक चालतं. एमआयडीसीत शेजारच्या तीन-चार युनिटांनी मिळून एक चालवणं सगळ्यांनाच परवडतं.

कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर घरून काम करण्याची मुभा दोघांच्या संमतीनं देता येते. आणि हे सगळे लाभ नेमणुकीच्या वेळीच लेखी कळवायचे असतात. तुमच्या नेमणूकपत्रात ती ओळ आहे का, आजच उघडून बघा.

तिसरं काम: ती यायच्या आधी, न विचारता, लिहून पाठवा

चांगल्या हेतूनं केलेला फोनही इथे फसतो. ‘अजून अंगावर पाजतेस का गं?’ हा प्रश्न घरच्या मावशीनं विचारला तर ठीक. ऑफिसातून, त्यातही साहेबांकडून आला की समोरची गप्प होते. पाजत असेल तर लाजते, पाजत नसेल तर आपण कमी पडलो असं तिला वाटतं. आणि कुणाच्या बाळाचं काय झालंय, कोण कशातून गेलंय, हे आपल्याला माहीत असतंच असं नाही.

म्हणून विचारू नका, सांगा. रुजू व्हायच्या दोनेक आठवडे आधी एक साधा निरोप:

‘नमस्कार मॅडम. तुम्ही १० तारखेला रुजू होत आहात. पहिल्या मजल्यावर जिन्याशेजारची छोटी खोली बाळंतपणाहून परतणाऱ्यांसाठी ठेवली आहे. आतून कडी आहे, फ्रीज आणि बेसिन आहे. अकरा, दीड आणि साडेचार या वेळा तुमच्या कॅलेंडरवर राखून ठेवल्या आहेत. त्यात तुम्हीच बदल करा, कुणाला विचारायला नको. यातलं काही लागणार नसेल तरी हरकत नाही, कारण सांगायची गरज नाही.’

हा निरोप ऑफिसच्या ग्रुपवर टाकू नका. ‘आपल्या नव्या आईचं स्वागत’ असा केकवाला मेल तर नकोच. टीमला एवढंच कळलं की पुरे: या तीन वेळी त्या उपलब्ध नसतात.

चौथं काम: वेळ

खोलीवर सगळे तुटून पडतात, कारण खोलीचा फोटो काढता येतो. वेळ बांधून देणं त्याहून अवघड आहे.

पुण्यातलं साधं उदाहरण घ्या. साडेनऊ ते साडेसहा ऑफिस. पावणेनऊला बाळाला पाजून निघायचं, सव्वासातला घरी. मधे साडेदहा तास. चार-पाच महिन्यांचं बाळ तेवढ्या वेळात तीन-चार वेळा पितं, म्हणून आईलाही साधारण दर तीन तासांनी दूध काढावं लागतं. कायद्याचे दोन ब्रेक आणि जेवणाच्या सुट्टीतलं एकदा, असे तीन बसतात. प्रत्यक्ष दूध काढायला पंधरा-वीस मिनिटं. खोलीपर्यंत जाणं, हात धुणं, पंप जोडणं, नंतर धुऊन ठेवणं धरलं की अर्धा तास. ‘दहा मिनिटांत ये’ म्हणणाऱ्यानं एकदा घड्याळ लावून जिना चढून बघावा.

टेबलावरच्या कामात कॅलेंडर ब्लॉक केलं की बरंचसं भागतं. पण जी लाइनवर उभी आहे तिचं काय? तिथे त्या वेळेला रिलीव्हर ठरलेला हवा, नावानिशी, आठवड्याच्या चार्टवर. ‘कुणीतरी बघेल’ असं ठेवलं की रोज तिलाच कुणाच्या तरी हातापाया पडावं लागतं. शाळेत वेळापत्रक करतानाच सलग चार तास लावू नका. दुकानात, बँकेत तिच्या काउंटरला बदली कोण हे सकाळीच ठरवा. वॉर्डात हँडओव्हरच्या तोंडावर ब्रेक ठेवू नका, तो हमखास बुडतो.

गेलेला अर्धा तास ‘संध्याकाळी थांबून भरून काढ’ हे नको. घरी भरलेल्या छातीनं पोचायचं असतं तिला.

हीच वेळ कुणाच्या डोळ्यांवर येते, आणि टोमणे इथेच सुरू होतात. ‘मजा आहे बाबा, दर दोन तासांनी आराम.’ बाहेरच्या टपरीवर चहा-सिगारेटला जाणाऱ्यांची वेळ कुणी मोजत नाही, हे मी एकदा मोठ्यानं म्हटलं होतं. त्या दिवसापासून तो विषय बंद झाला. पण ते मला म्हणावं लागायला नको होतं. ते तिच्या वरिष्ठानं म्हणायचं असतं, पहिल्याच टोमण्याला, हसत का होईना. आणि टोमणे फक्त पुरुष मारतात अशा भ्रमात राहू नका. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं, आमची नाही का वाढली?’ हे वाक्य शेजारच्या टेबलावरच्या मॅडमकडूनच जास्त ऐकू येतं.

पाचवं काम: खोली

आपल्याकडे या खोलीला सुरेख नाव आहे, हिरकणी कक्ष. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, आणि तान्ह्यासाठी रात्री कडा उतरून गेलेली आई ही कथा शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. एसटी स्टँडवर, सरकारी कार्यालयांत ही पाटी दिसते. पाटीखालच्या दाराला कुलूप किंवा आत झाडू-बादल्या, हेही बऱ्याच जणींनी पाहिलंय. नाव जरूर द्या, फक्त आधी कडी बसवा आणि पाटी नंतर लावा.

मोठी जागा लागत नाही, सहा बाय सात फूटही पुरते. लागतं ते असं: आतून लागणारी कडी, आणि बाहेर ‘वापरात आहे’ दाखवणारी फिरती पट्टी. हात टेकायला दांडे असलेली, पाठ असलेली खुर्ची, चाकांची नको. खुर्चीच्या हाताशी प्लग पॉइंट, कारण इलेक्ट्रिक पंपाची वायर फार लांब नसते. बाटली ठेवायला छोटं टेबल. बेसिन आत नसेल तर दहा पावलांवर हवं. झाकणाचा डबा, टिश्यू, एक आरसा, ओढणी-पर्ससाठी खुंटी. काचेचं दार असेल तर पूर्ण झाकणारा पडदा. कॅमेरा असता कामा नये, बंद असलेलासुद्धा. ‘तो चालू नाही हो’ यावर कुठल्याच बाईचा विश्वास बसत नाही आणि बसूही नये.

टॉयलेट चालणार नाही. तुम्ही तिथे डबा खाता का? आजारी माणसाला झोपवायची खोलीही नको, तिथे जंतू असतात. कॉन्फरन्स रूम फक्त तेव्हाच, जेव्हा तिच्या वेळा पक्क्या राखून ठेवल्या असतील आणि बुकिंग कितीही मोठ्या साहेबाचं असलं तरी मोडणार नसेल. छोट्या दुकानात ट्रायल रूमला आतून कडी, एक स्टूल आणि पंखा एवढ्यावरही भागलेलं मी पाहिलंय.

पंप कंपनीनं द्यायचा का? दिला तर उत्तम, पण आवश्यक नाही. पुष्कळ जणी हातानंच दूध काढतात. त्याला स्वच्छ धुतलेले हात, झाकणाचं भांडं आणि निवांतपणा पुरतो. साधा पंप दोघींत वापरायचा नसतो, ज्याचा त्याचा वेगळा.

आणखी एक खबरदारी. दुधाच्या पावडरीची किंवा बाटल्यांची कंपनी ‘खोली आम्ही सजवून देतो’ म्हणून आली तर नम्रपणे दारातूनच परत पाठवा. १९९२ च्या कायद्यानं शिशुदुग्ध पर्याय, शिशुआहार आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करायला आणि फुकट नमुने वाटायला बंदी आहे. तशी पोस्टरं तुमच्या भिंतीवर नकोत.

सहावं काम: फ्रीज, आणि घरी पोचेपर्यंतचा प्रवास

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. फ्रीजमध्ये चार अंशांना चार दिवस. बर्फाच्या पॅकसह थर्मल बॅगेत २४ तास. आता मे महिन्यातल्या सोलापुरात किंवा नागपुरात २५ अंशांची खोली कुठून आणणार? तेव्हा काढलं की लगेच फ्रीज. दारातल्या कप्प्यात ठेवू नका, आत मागे ठेवा. दार उघडझाप झालं की तिथलं तापमान आधी बदलतं. डब्यावर नाव, तारीख, वेळ.

डब्यांच्या फ्रीजमध्येच ठेवलं तर चालतं का, असा प्रश्न दर ऑफिसात कुणीतरी नाक मुरडून विचारतं. चालतं. ते अन्न आहे. झाकणाच्या मोठ्या डब्यात तिच्या बाटल्या ठेवल्या की कोळंबीच्या कालवणाचा वासही लागत नाही आणि नाक मुरडणाऱ्याला काही दिसतही नाही. मात्र शनिवारी फ्रीज साफ करणाऱ्या मावशींना त्या डब्याबद्दल सांगून ठेवा. अर्ध्या दिवसाची मेहनत बेसिनमध्ये ओतलेली पाहून रडलेली बाई मला माहीत आहे. आरशात बघितलं की दिसते.

जिथे लाइट जाते तिथे आणि लोकलनं डोंबिवली-कर्जत गाठणाऱ्यांसाठी थर्मल बॅग लागतेच. ऑफिसच्या फ्रीजरमध्ये दोन बर्फाचे पॅक कायम गोठवून ठेवा, येणाऱ्या जणी बदलतील, पॅक राहतील. नव्या आईला एवढं सांगता आलं तर बरं: ठेवलेल्या दुधावर सायीसारखा थर येतो, ते नासलेलं नसतं, हलकेच फिरवलं की मिसळतं. कोमट करायचं ते गरम पाण्याच्या वाटीत धरून; मायक्रोवेव्हमध्ये नको, एखादा भाग इतका तापतो की बाळाचं तोंड पोळतं. बाळानं तोंड लावून उरलेलं दूध दोन तासांत संपवायचं किंवा टाकायचं.

काहींना घरच्या बाळाला पुरून उरेल एवढं दूध येतं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्ध पेढी सुरू केली, आशियातली पहिली. कमी दिवसांच्या बाळांना तिथलं दूध मिळतं. जवळ अशी पेढी असेल तर तिचा नंबर खोलीत लावून ठेवा.

जिथे खोलीच नसते

एसटीची कंडक्टर, बंदोबस्तावरची पोलीस, मेडिकल प्रतिनिधी, सर्व्हेला फिरणारी अंगणवाडी सेविका. इथे सोय म्हणजे ड्यूटीची आखणी. पहिले काही महिने मुक्कामी फेरी नको, लांबचा बंदोबस्त नको, घराजवळचा भाग द्या. हेही तिनं अर्ज करून मागायचं नसतं. रजा मंजूर करतानाच पुढचा चार्ट कसा असेल ते ठरवता येतं.

आणि तुमच्या स्वतःच्या घरी? धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंना तान्हं असेल तर त्यांच्या मालक तुम्हीच. त्यांना देण्याजोगा हिरकणी कक्ष तुमच्या बेडरूमएवढा जवळ आहे. बाळ सोबत आणू द्या, मधे बसून पाजू द्या, किंवा सलग दोन वेळच्या कामाऐवजी एकच वेळ ठेवा आणि पैसे कापू नका. ऑफिसात या विषयावर भाषण देऊन घरी ‘आज उशीर झाला’ म्हणून कुरकुरणारे लोक मी पाहिलेत, त्यात एके काळी मीही होते.

शेवटाकडे: ब्रेक कमी करताना

बाळ वरचं खायला लागलं की आईच्या वेळा आपोआप कमी होतात. कुणाचं आठव्या महिन्यात, कुणाचं वर्षानंतर. हे तिचं तिला ठरवू द्या. एकदम बंद करायला लावलं की पुन्हा गाठी आणि ताप, म्हणून बाहेरगावचं ट्रेनिंग किंवा ऑडिट आलं तर तिथे खोली आणि वेळ मिळेल का ते आधी बघा, नसेल तर दुसऱ्याला पाठवा. त्यामुळे बढतीच्या यादीतून तिचं नाव गळत नाही ना, हेही बघा. पंधरा महिने पूर्ण झाले त्या सोमवारी कॅलेंडरवरचे ब्लॉक पुसून टाकणारा एचआर होऊ नका.

सगळी तयारी झाली की, ती यायच्या आदल्या शुक्रवारी स्वतः त्या खोलीत जा. दार लावा, कडी घाला, बाहेरून कुणाला तरी ढकलून बघायला सांगा. खुर्चीत बसा आणि तिथूनच तुमच्या फोनचा चार्जर प्लगला लावून बघा. वायर पोचत नसेल तर इलेक्ट्रिशियनला आजच बोलवा, सोमवारी नको.